चंद्राला ओवाळणारी बहीण

कवठी गावात भिवाजी कासार राहत असे. बांगड्या भरता भरता तो अशा गप्पा मारी, की हात कधी भरला ते बायकांना कळतही नसे. नदीपलीकडच्या सावळ गावात त्याची धाकटी बहीण साळू दिलेली होती. दोन्ही गावांचे राजे वेगळे, पण ते कुणाच्या ध्यानातही नसे. किती गोडीचे दिवस होते ते!

साळूचा मुलगा जानोजी नदी पोहून मामाकडे यायचा. भिवाजीची मुलगी राही नेमकी तेव्हाच घागर घेऊन घाटावर निघायची. एक घागर भरायला हिला एवढा वेळ का लागतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. भिवाजी तिला ‘साळूची सून’ म्हणून चिडवायचा आणि ती लाजून आत पळायची.

पुढे राजांचं बिनसलं, तेही एका हत्तीवरून. हत्ती कुणाचा, हे हत्तीलाही ठाऊक नसावं. लढाई जुंपली, दोन्हीकडची पोरं कामी आली. “सावळची माणसंच कपटी,” असं कवठीत जो तो म्हणू लागला. लोक नावं ठेवतील या धास्तीने भिवाजीही तेच म्हणू लागला.

दिवाळीत जानोजी आला. ओसरीवर शेजारी बसले होते.

“मामा, आईनं भाऊबीजेला बोलावलंय.”

शेजाऱ्यांनी भिवाजीकडे पाहिलं. तो म्हणाला, “सावळमध्ये माझं कुणी नाही. आणि राहीचं नावही काढू नकोस.”

“मामा, हे आईला कोणत्या तोंडानं सांगू?”

भिवाजीने मान फिरवली. दाराआड राहीने सगळं ऐकलं.

भाऊबीजेच्या दिवशी दिवेलागणीला त्याला राहवेना. तो घाटावर गेला. पैलतीरावर साळू तबक घेऊन उभी होती. तिने चंद्राला ओवाळलं. ज्या बाईला भाऊच नसतो, ती चंद्राला ओवाळते. एक हाक मारली असती तरी तिला ऐकू गेली असती. पण घाटावर गावची माणसं होती. तो घरी परतला.

माघात त्याने राहीला लांबच्या गावी देऊन टाकलं. हिरवा चुडा त्याने स्वतःच भरला. तिने हात पुढे केला, पण वर पाहिलं नाही.

वर्ष सरतं न सरतं तोच राजांचं जमलं. सावळच्या राजाची मुलगी कवठीच्या राजाची सून झाली. ‘कपटी’ गावच्या त्या पोरीसाठी कवठीने दारोदार तोरणं बांधली. तिला चुडा भरायचं बोलावणं भिवाजीलाच आलं. तिचा हात भरताना त्याला राहीचा हात आठवला.

तिथून तो तडक होडीत बसला. साळू रागावली नाही. तिने पाट मांडला, पाणी दिलं आणि म्हणाली, “दादा, किती वाळलास रे!” तेवढ्यात जानोजी शेतातून आला. त्याने नमस्कार केला आणि हळूच विचारलं,

“मामा, राही सुखात आहे ना?”

गप्पिष्ट भिवाजी पाटावरच हमसून हमसून रडला. साळू त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. त्याची बहीण त्याला मिळाली, पण जानोजीची राही आता दुसऱ्या घरची झाली होती.

तात्पर्य: राजांची भांडणं राजे मिटवतात, पण लोकांच्या भीतीने आपण तोडलेली माणसं आपल्यालाच जोडावी लागतात, आणि उशीर केला तर सगळीच जोडली जात नाहीत.