पुलीचा हटवादी बोल्ट

कोणे एके काळी, म्हणजे साऱ्या पंचक्रोशीत एकच मोटार होती त्या काळी, एका गावात एक माणूस राहायचा. मोटार त्याचीच. ती बिघडली की तो कुणाला हात लावू देत नसे आणि कुणाचं ऐकतही नसे.

एकदा त्याच्या आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. शहरातल्या डॉक्टरने ऑपरेशनला एका गुरुवारची सकाळ दिली. ती हुकली, तर पुढे चार महिने थांबा. आणि नेमकी बुधवारी इंजिनाची पुली, म्हणजे पट्टा फिरवणारं चाक, तडकली.

नवी पुली घरात होती. पण जुनीच्या मधोमध एक बोल्ट, तो गंजून बसलेला.

माणसाने पाना लावला, पान्यात लांब नळी अडकवली आणि जोर केला. पाना फिरला. गडी खूश. पुन्हा ओढला, पुन्हा फिरला. वीस वेढे झाले, घामाची आंघोळ झाली, पण बोल्ट तसूभर बाहेर येईना.

कुंपणावरून शेजारीण बघत होती. चार घरांतलं बघायची तिला सवयच.

"भाऊजी, बोल्ट नाही हो फिरत. अख्खं चाकच फिरतंय."

"वहिनी, तुम्ही आपलं चुलीवरचं दूध बघा."

"ते केव्हाच उतरवलं. बरणीचं झाकण घट्ट बसलं ना, की मी आमच्या ह्यांना बरणी धरायला लावते. नुसतं झाकण पिळलं तर बरणीच गरगरते."

माणूस काहीतरी खोचक बोलणार होता. तेवढ्यात ओसरीवरून आईने विचारलं, "निघेल ना रे?" तो डावीकडे उभा होता, आणि ती बोलत होती उजवीकडे बघून.

त्याने पाना खाली ठेवला आणि पहार उचलली. "या वहिनी," तो म्हणाला, "धरा."

पुलीच्या कडेला असलेल्या एका भोकात त्याने ती अडकवली. तिचं दुसरं टोक जमिनीला टेकलं, ते घसरू नये म्हणून शेजारणीने दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"सोडू नका हं."

"मी धरलेलं सोडत नाही. विचारा आमच्या ह्यांना."

त्याने पाना ओढला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा कट् असा आवाज झाला आणि बोल्ट सुटला.

दिवेलागणीच्या आत नवी पुली बसली. सकाळी मोटार निघाली. मागे आईशेजारी शेजारीणही बसली होती, कारण ऑपरेशन कसं असतं ते तिला बघायचं होतं.

पट्टी सुटली तेव्हा आई मुलाकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अरे, तुझे केस कधी पिकले?"

तात्पर्य: एकट्याच्या जोराने चाक नुसतं गरगरतं, कुणी धरणारं असलं, तरच बोल्ट सुटतो.