धुरपाचा शब्द

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा कुत्री माणसांशी बोलत आणि माणसंही त्यांचं ऐकून घेत.

डोंगराच्या पायथ्याशी मेंढपाळांचं एक गाव होतं. गावची कुत्री मोठी कडवी. एकदा लांडग्यावर ती अशी चवताळली, की तो पळून गेल्यावरही थांबेनात. समोर येईल त्याला चावत सुटली. त्यात धुरपाच्या धाकट्या भावाचा, म्हाळूचा, पाय कायमचा अधू झाला.

तेव्हापासून कुत्र्यांना आवरायचं काम गावाने धुरपाकडे दिलं. तिने त्यांना असं वळण लावलं, की ती 'बस' म्हणाली की सगळी जागच्या जागी बसत. म्हाळू लंगडत जाताना दिसला, की ती म्हणे, "पुन्हा कुणावर ही पाळी नको."

गावाची एक रीत होती. थंडी पडायच्या आधी लांडग्याचं जुनं कातडं काठीला बांधून कुत्र्यांपुढून ओढत नेत. कातड्याला ना दात, ना नख्या. पण कुत्री त्यावर तुटून पडत, वास नाकात भरून घेत, आणि मग खरा लांडगा त्यांना लांबूनच कळे.

धुरपाला ते बघवेना. कुत्री जरा गुरगुरली की ती ओरडे, "बस!" कातडं जसंच्या तसं परत येई. लोक आपले खूश. "धुरपे, काय गुणी केलीस गं कुत्री!"

कोकरं जन्मली आणि एका पहाटे धुक्यातून लांडगा आला. कुत्र्यांनी माना वर केल्या. वास आता ओळखीचा राहिला नव्हता. तरी एकदोघं गुरगुरली, तोच धुरपाच्या तोंडून सवयीने शब्द निघून गेला. कुत्री बसली. लांडगा कोकरू उचलून निवांत चालता झाला. लबाडच तो! त्यानंतर धुरपा जवळपास असेल तेव्हाच तो येऊ लागला.

गाव खवळलं. पाटील म्हणाले, "आवरणारीच नको आपल्याला!" धुरपाला घरी बसवलं आणि कुत्री मोकळी सोडली. पण त्यांच्या नाकात लांडग्याचा वासच नव्हता. जे हललं त्याच्यावर ती धावली. लांडग्याने नेली नसतील इतकी कोकरं त्यांनीच फाडली. लोकांनी दारं लावून घेतली.

धुरपा रडली नाही. ती उठली आणि थेट म्हाताऱ्या वाघी कुत्रीपाशी गेली. "वाघे, माझं चुकलं कुठं?"

"थांबवतेस ते बरोबर आहे, बाई," वाघी म्हणाली. "पण तू आम्हाला सुरूच होऊ देत नाहीस. शिकायच्या दिवशी अडवलंस, तर लढायच्या दिवशी आम्ही ओळखायचं कुणाला?"

तेवढ्यात पाटील धापा टाकत आले. "धुरपे, चल गं बाई, कुत्री आवर!"

"येते. पण आधी कातडं आणा."

कातडं आणलं. कुत्री गुरगुरली. धुरपाच्या ओठांवर शब्द आला. तिने पदराचा बोळा दातांत धरला. म्हाळू तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. "भिऊ नकोस, आक्का. मी आहे इथंच."

कुत्र्यांनी कातड्याच्या चिंध्या केल्या, तरी धुरपाने पदर सोडला नाही. मग एक कुत्रं वळून म्हाळूकडे झेपावलं, आणि तिने पदर सोडला.

"बस!"

सगळी बसली. म्हाळूच्या अंगाला ओरखडाही आला नाही.

पुढच्या धुक्यात लांडगा धुरपाला बघून नेहमीसारखा निर्धास्त आला. बांधावरच कुत्र्यांना वास लागला. धुरपा हूं की चूं करेना. लांडगा रक्तबंबाळ होऊन डोंगरापार पळाला, तो परत त्या शिवारात फिरकला नाही. कुत्री वाड्यातल्या मेंढरांकडे वळली, तेव्हाच तिचा आवाज घुमला.

त्या दिवसापासून म्हाळू कोकरू खांद्यावर घेऊन कुत्र्यांच्या मधून बिनघोर चालू लागला.

तात्पर्य : आवरणाऱ्याला थांबवता यायला हवंच, पण कधी थांबवायचं नाही, हेही कळायला हवं.