सुईचा कल

फार पूर्वी एका शिंप्याच्या टेबलावर दोन लोहचुंबक राहत. दोघांनी खडूची रेघ मारून टेबल वाटून घेतलं आणि त्याला शांतता म्हटलं. सुईला कुणी विचारलंही नाही.

सदऱ्याला शेवटचं बटण लावायला निघालेली सुई वाटेतच खेचली गेली आणि थोरल्याला चिकटली.

“दादा, सोडा! गिऱ्हाईक दारात उभं आहे.”

“मी कुठं धरलंय? तुझाच कल माझ्याकडे!”

सुईनं धाकट्याला हाक मारली. त्यानं सभ्यपणे तोंड फिरवलं. सुई रेघेपलीकडची होती ना!

गिऱ्हाईक तसंच निघून गेलं. महिन्याभरानं शिंप्यानं सुई उपटून काढली. तोवर तिला थोरल्याचा गुण लागला होता. शेजारची टाचणी येऊन तिला चिकटली.

“सुईताई, सोडा ना!”

“मी कुठं धरलंय?” सुई म्हणाली. “तुझाच कल माझ्याकडे!”