म्हशी धुणारी फौज

एका डोंगरी गावात हैबती नावाचा कुंभाराचा तरणाताठा मुलगा राहत होता. त्याला शिकायची भारी हौस; पण गावच्या पंतोजींनी त्याला ओट्यावरूनच हाकललं. "मडकी घडव! अक्षरं काय करायचीत तुला?"

त्याच सुमारास राजाने दवंडी पिटवली. फौजेत येईल त्याला पोटभर अन्न, अंगभर कपडा आणि रोज दुपारी शाळा. शाळेत तरबेज होईल तो गड आणि पूल बांधणारा कारभारी. झालं! हैबतीने चाक सोडलं आणि भाला उचलला.

पण नेमणूक झाली त्या गडावर भलतीच तऱ्हा. जमादार सर्जेराव मोठा वस्ताद. शाळेची वेळ झाली की शिपायांना आपल्या घरी पिटाळायचा. कुणी म्हशी धुवायच्या, कुणी दळण दळायचं. गुरुजी बिचारे माश्या मारत बसायचे. हैबती एकदा बोललाच, "जमादारसाहेब, आम्ही राजाचे शिपाई, तुमचे गडी नाही." त्या दिवसापासून सगळ्यात द्वाड म्हैस त्याच्या वाट्याला आली.

दरसाल दसऱ्याला राजा फौज पाहायला यायचा. वर्षभरात काय शिकलो, ते प्रत्येक शिपायाने सांगायचं, असा रिवाज होता. जमादाराने सगळ्यांना पढवून ठेवलं, "लिहायला शिकलो म्हणा. पुढे चकार शब्द नको." हैबतीला बाजूला घेऊन तो म्हणाला, "माझं ऐकलंस तर उद्या हवालदार. नाहीतर गड उतरायचा, कायमचा."

राजासमोर एकेक जण घोकलेलं बोलून गेला. हैबतीची पाळी आली. खोटं कशाला सांगू, भीती त्यालाही होती. गड सुटला तर शाळाही सुटणार होती. पण शाबास त्याची! छाती काढून तो गरजला, "महाराज, मी वर्षभर जमादारांच्या म्हशी धुवायला शिकलो!"

"खोटारडा आहे, महाराज!" जमादार किंचाळला.

राजाने कोळसा मागवला. लिहायला शिकलो म्हणणाऱ्यांना भिंतीवर आपापलं नाव लिहायला सांगितलं. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. एकही जण पुढे आला नाही.

राजाने तिथल्या तिथे जमादाराची तलवार काढून घेतली. मग हैबतीला विचारलं, "बोल, बक्षीस काय देऊ? हवालदारी?"

"बक्षीस नको, महाराज. बुडालेली शाळा तेवढी भरून द्या. हवालदारी मी शिकून मिळवीन."

तात्पर्य: चाकरी इमानाने करावी, पण चाकरीतून मिळणारं हक्काचं शिक्षण कुणाच्या धाकाने किंवा लालचीने सोडू नये. ते ताठ मानेने मागून घ्यावं.