राणीचं पाळण्यातलं नाव

एका राज्यात वस्तूसुद्धा हाकेला ओ देत. ‘खारे, ये गं’ म्हटलं की खारी विहीर काठोकाठ भरे. ‘काळे, पेट’ म्हटलं की काळी भट्टी पेटे. सगळं सुरळीत चाललं होतं. पण राजा चंद्रभानाला सुरळीत बघवेल तर ना!

दरबारी एक नामगारुडी आला. म्हणाला, “महाराज, या नावांना झळाळी नाही. नवं नाव, नवी मुद्रा, खाली घोषवाक्य. मग बघा, परराज्यात डंका!”

खारी विहीर झाली ‘अमृतसिंधू, थेंबाथेंबात वैभव’. ती आटली. काळी भट्टी झाली ‘सुवर्णज्वाला’. ती विझली. बायका रिकाम्या घागरी घेऊन आल्या, तर राजा म्हणतो, “नाव रुळायला वेळ लागतो.” आता काय बोलावं!

मग राणीची पाळी. लग्नात राजानं ताटातल्या तांदळांवर तिचं नाव ‘राजलक्ष्मी’ लिहिलं होतं. ते तिनं सोसलं. गारुड्यानं जपून ठेवलेल्या त्या ताटातलं नाव पुसून ‘त्रैलोक्यमोहिनी’ लिहिलं, आणि राणीचे पाय दगडाचे झाले. दुपारी दगड कमरेला आला.

पिंजऱ्यातली मैना म्हणाली, “सूर्यास्ताला डोक्यापर्यंत चढेल. तिला पाळण्यातल्या नावानं हाक मारा.”

ते नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. नवऱ्यालाही नव्हतं!

बारशाला कानात कुर्र करून नाव ठेवते ती आत्या. राजा उडत्या पाटावर बसून सात डोंगर ओलांडून गेला. आत्याबाई अंगणात सांडगे घालत होत्या.

“लग्नाचं बोलावणं नाही, आणि आता नाव हवं? सरका जावईबापू, मीच येते. वाटेत आधीची दोन कामं निस्तरा.”

विहिरीशी राजा पुटपुटला, “खारे...”

“मोठ्यानं! तिला काय कानगोष्ट सांगताय?”

राजा ओरडला. विहीर भरली. भट्टीपाशी ओरडला, भट्टी पेटली. राजवाड्यात पोचले तेव्हा दगड राणीच्या हनुवटीला लागला होता. आत्याबाईंनी राजाच्या कानात नाव सांगितलं. राजा लाजला.

“केरी? चारचौघांत हे नाव कसं घेऊ?”

“हिची आधीची तीन भावंडं गेली. हिला दृष्ट लागू नये म्हणून मी केराचं नाव ठेवलं. त्या नावानं पोर जगली हो. तुमच्या झळाळीनं चाललीय!”

राजाचे डोळे भरले. सगळ्या दरबारादेखत त्यानं हाक मारली, “केरे!”

“ओ!” राणी म्हणाली. दगडाचे तुकडे खळकन पडले. “केव्हाची उभी आहे मी. पाय भरून आले.”

आत्याबाई गारुड्याकडे वळल्या. “तुला आई काय म्हणायची रे?”

त्यानं बारा बिरुदं सांगितली. आईची हाक काही आठवेना. बोलता बोलता त्याची रंगीत पाटी झाली. ती विहिरीवर झाकण म्हणून कामाला आली.

राज्य पूर्ववत झालं. राणीनं मात्र तांदळाचं ताट पुढे ओढलं, हातानं तांदूळ सारखे केले आणि विचारलं, “आता तुमचं काय नाव ठेवू?”

राजानं हात जोडले.