सावळेराम आणि खताचा खड्डा

बोरखिंडीत सावळेराम नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे किती भोळा? एकदा न्हावी त्याला म्हणाला, "मान खाली घाल." वर कर म्हणायला तो विसरला. सावळेराम आठवडाभर मान खाली घालून गावात हिंडला. लोकांना वाटलं, ह्याच्या घरात काहीतरी वाईट झालं. दोघंतिघं भेटून सांत्वनही करून गेले.

त्याच गावात सिंधूबाई होत्या. बाईंनी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर गावच्या तळ्याकाठी दोन खोल्यांत पर्यावरण केंद्र काढलं. आसपासच्या गावांतली शाळेची पोरं तिथे यायची, बायामाणसं यायची. पाखरं बघायची, साप ओळखायला शिकायची, कचऱ्याचं खत करायला शिकायची. बाईंचा त्या तळ्यावर फार जीव.

पण पंचायतीला तळं बुजवून तिथे आठवड्याचा बाजार भरवायचा होता. पुढच्या महिन्यात एका सोमवारी मुरमाच्या गाड्या यायच्या होत्या. त्याआधीच्या शुक्रवारी जिल्ह्याचे खटावकर साहेब तळं बघायला येणार होते. "तळं राहू द्यावं" असं लिहून साहेबांनी सही केली तरच तळं राहणार होतं. साहेब यायच्या आत गावोगावी चांगले कार्यक्रम व्हायला हवे होते. महिनाभराचा अवधी होता. बाईंना एकटीला जमेना. त्यांनी माणूस शोधला. गावात रिकामा माणूस एकच होता.

"तू आमचा समन्वयक," बाई म्हणाल्या.

"म्हंजे काय करायचं?"

"मी सांगेन ते करायचं."

"ते जमतंय मला," सावळेराम म्हणाला. आणि खरं सांगायचं तर त्याला तेवढंच जमायचं.

पहिल्या आठवड्यात पाखरं बघायचा कार्यक्रम होता. बाई म्हणाल्या, "खालच्या वाडीच्या शाळेतली मुलं तळ्यावर घेऊन ये. छान वाजतगाजत कार्यक्रम व्हायला पाहिजे."

सावळेराम गेला. चाळीस पोरं घेतली. चार हलग्या घेतल्या, दोन ताशे घेतले, लेझीम घेतलं. वाजतगाजत तळ्यावर आला. तळ्यात शंभरेक बगळे होते. ते एकदम उठले आणि जे गेले ते तिसऱ्या दिवशी परत आले.

बाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अरे, असं करतात का? अशा वेळी तोंडातून आवाज काढायचा नाही. झाडाआड लपायचं. नुसत्या खुणा करायच्या."

"कळलं बाई," सावळेराम म्हणाला. आणि त्याला कळलंच होतं.

दुसऱ्या आठवड्यात शिरढोणला बायकांची सभा होती, तळ्याच्या पाण्याबद्दल. बाई म्हणाल्या, "जा, बायकांना निरोप देऊन ये. बुधवारी, दुपारी तीनला, समाजमंदिरात."

सावळेराम शिरढोणला गेला. पाणवठ्यावर बायका धुणं धूत होत्या. तो लिंबाच्या झाडाआड लपला. मग एक डोळा बाहेर काढून त्याने खुणा सुरू केल्या. बुधवारसाठी काय खूण करावी हे त्याला सुचेना, म्हणून त्याने सगळीच बोटं नाचवली. तीनसाठी तीन बोटं दाखवली. समाजमंदिरासाठी दोन्ही हात डोक्यावर धरून कळस केला आणि डोळे फिरवले.

"अगं बाई, ह्याला फिट आली," एक म्हणाली.

बायका धावल्या. दोघींनी त्याचे पाय धरले. एकीने त्याच्या नाकाला कांदा लावला. दुसरीजवळ कांदा नव्हता, तिने चप्पल लावली. सावळेराम तरी बोलला नाही. बाईंनी सांगितलं होतं, तोंडातून आवाज काढायचा नाही. बुधवारी सभेला एक बाई आली. ती पण त्याची तब्येत विचारायला.

"अरे देवा," सिंधूबाई म्हणाल्या. "असं लपून बोलावतात का कुणाला? घरोघर जायचं. उंबऱ्यापाशी उभं राहायचं. हळदीकुंकू लावायचं आणि म्हणायचं, यायचं हं, पोराबाळांना घेऊन यायचं. एकसुद्धा घर सोडायचं नाही."

"कळलं बाई. एकसुद्धा सोडत न्हाई."

तिसऱ्या आठवड्यात सापांचा कार्यक्रम होता. तालुक्याहून सर्पमित्र यायचा होता. विषारी कोणता, बिनविषारी कोणता, ते तो चित्रं दाखवून सांगणार होता. बाई म्हणाल्या, "शनिवारी चारला सापांचा कार्यक्रम. बोलावणं करून ये."

बायकांच्या कार्यक्रमाला बायकांना बोलवायचं असतं. मग सापांच्या कार्यक्रमाला कोणाला बोलवायचं? सावळेरामाचं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

तो हळदीकुंकवाचा करंडा घेऊन रानात गेला. बांधावरची बिळं बघितली, ओढ्याकाठची बिळं बघितली, वारुळं बघितली. प्रत्येकाच्या तोंडाशी वाकून हळदीकुंकू वाहिलं आणि आदबीने म्हणाला, "शनिवारी चारला केंद्रावर यायचं हं. पोराबाळांना घेऊन यायचं." दोन दिवस तो हेच करत होता. एका बिळातून उंदीर निघाला, तर त्याला म्हणाला, "मालक घरात न्हाईत काय? आले की निरोप सांगा."

शनिवारी चार वाजले. बाई होत्या, सर्पमित्र होता, सावळेराम होता. शाळेचं एक पोर नव्हतं. सव्वाचारला दारातून एक लांबलचक धामण आत आली.

"एकटीच आली," सावळेराम म्हणाला. "बाकीच्यांना सवड नसंल."

बाई टेबलावर चढल्या. सर्पमित्राने काठीने धामण अलगद उचलली, पोत्यात घातली, तोंड बांधलं आणि लांब माळावर नेऊन सोडली.

बाई टेबलावरूनच म्हणाल्या, "बघितलंस? असं काही गावात सापडलं तर काय करायचं? काठीने उचलायचं. पोत्यात घालायचं. तोंड बांधायचं. लांब माळावर न्यायचं आणि मोकळं सोडून द्यायचं. बोलवायचं नाही."

"कळलं बाई."

चौथ्या आठवड्यात कचऱ्याचा कार्यक्रम होता. बाईंनी शाळेच्या मुलांना सांगितलं, गावातलं सगळं प्लॅस्टिक गोळा करा. सोमवारी ते पालकांना दाखवायचं, म्हणजे त्यांचे डोळे उघडतील. सावळेराम मुलांबरोबर गेला. काठीने एकेक पिशवी उचलली. पोत्यात घातली. तोंडं बांधली. चौदा पोती झाली. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, "आज पहिल्यांदा सगळं बरोबर केलंस."

सोमवारी पालक जमले. पोती नव्हती.

"सावळेराम, पोती कुठायत?"

"माळावर, बाई. लांब नेली आणि मोकळी सोडली. वारा होता. समद्या पिशव्या उडत गेल्या. लई आनंदात होत्या."

त्या पिशव्या शिरढोणच्या बाभळींवर जाऊन बसल्या. शिरढोणच्या सरपंचाचा निरोप आला. तो इथे लिहिता येत नाही.

आता शुक्रवार चार दिवसांवर आला होता. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी सावळेरामाला तळ्याकाठच्या खताच्या खड्ड्यापाशी नेलं. खड्डा अर्धा भरलेला होता आणि आतून गरम वाफ येत होती.

"आता शेवटचं सांगते, नीट ऐक. आधी हात लावून बघायचं, ओलं आहे का सुकं. सुकं असलं तर त्या निळ्या डब्यात. ओलं असलं तर ह्या खड्ड्यात. वर पालापाचोळा, शेण, माती. आणि मग पंचेचाळीस दिवस उकरायचं नाही."

"कुणी सांगितलं तरी न्हाई?"

"कुणी सांगितलं तरी नाही."

"तुमी सांगितलं तरी?"

"मी सांगितलं तरी नाही," बाई म्हणाल्या. त्या दमल्या होत्या. नाहीतर असं बोलल्या नसत्या.

शुक्रवारी खटावकर साहेब आले. जीपमधून उतरले ते कंबर धरूनच. साहेबांची कंबर बारा वर्षं दुखत होती. त्यामुळे ते कुठेही गेले तरी त्यांना काही आवडत नसे. बाई त्यांना तळ्याच्या बांधावरून नेत होत्या. बगळे आले होते, कमळं फुलली होती, सगळं बाईंच्या मनासारखं चाललं होतं. तेवढ्यात साहेबांचा पाय शेवाळावरून सरकला आणि साहेब तळ्यात पडले.

पाणी गुडघाभरच होतं. बाईंनी आणि सावळेरामाने त्यांना ओढून काठावर आणलं. साहेबांची कंबर आखडली. त्यांना हलता येईना.

"सावळेराम, साहेबांकडे बघ. मी घरून कोरडे कपडे आणते," असं म्हणून बाई पळाल्या.

सावळेरामाने साहेबांकडे बघितलं. मग हात लावून बघितलं. साहेब ओले होते.

बाई धोतर आणि टॉवेल घेऊन परत आल्या, तेव्हा काठावर कोणी नव्हतं. खड्ड्यात साहेबांचं डोकं दिसत होतं. गळ्यापर्यंत पालापाचोळा, शेण, माती. सावळेराम फावड्याने वरची माती थोपटत होता.

बाईंच्या हातातलं धोतर गळून पडलं. गेलं तळं, त्यांना वाटलं. इतक्या वर्षांचं सगळं काम गेलं.

"साहेब, मला माफ करा," त्या म्हणाल्या. "आत्ता काढते तुम्हाला."

साहेबांचे डोळे मिटलेले होते. "थांबा बाई," ते हळूच म्हणाले. "घाई करू नका. आत कसलं छान गरम आहे. बारा वर्षांत कंबर अशी मोकळी झाली नव्हती हो."

साहेब अर्धा तास खड्ड्यात बसले. त्यांनी तळ्याकडे बघितलं. बगळे त्यांना पहिल्यांदाच नीट दिसले. मग त्यांनी मातीतून उजवा हात बाहेर काढला, कागद मागितला, "तळं राहू द्यावं" असं लिहिलं आणि सही केली. वर निघाले तेव्हा ताठ उभे होते.

"कच्चेच निघाले," सावळेराम म्हणाला. त्याला मनापासून वाईट वाटलं.

साहेब आंघोळ करून बाईंनी आणलेलं कोरडं धोतर नेसायला गेले. तेवढ्यात बाईंनी सावळेरामाला बाजूला घेतलं. "अरे, आज निभावलं म्हणून. मोठ्या माणसाला खड्ड्यात घालतात का? ज्याच्यावर आपलं सगळं अवलंबून असतं, त्याला खुर्चीवर बसवायचं. हार घालायचा. चहा पाजायचा."

"कळलं बाई."

"आता हा कागद घे. नीट सांभाळ. आपलं सगळं ह्या कागदावर अवलंबून आहे. मी साहेबांना वेशीपर्यंत पोचवून येते."

आता बाईंनी असं म्हटलं, त्याला सावळेराम काय करणार?

बाई अर्ध्या तासाने परत आल्या. त्या मनातल्या मनात गाणं म्हणत होत्या. केंद्रात चांगली खुर्ची मधोमध मांडली होती. खुर्चीवर झेंडूचा हार होता. खाली कपबशी होती.

"कागद कुठाय रे?"

"बसवला हुता, बाई. हार घातला. चहा पाजला. पैला लाजला, मग बशीनं दिला तर समदा पिला. एक थेंब ठेवला न्हाई."

बाईंनी खुर्चीचा हात धरला. "आणि सही?"

"सहीला चहा मानवला न्हाई. सगळीकडं पसरली."

"कागद कुठाय, सावळेराम?"

"हात लावून बघितला. ओला हुता."

बाई खुर्चीत बसल्या. हारावरच बसल्या. तळं आत्ता हातात होतं आणि आत्ता नव्हतं. त्या रडणार, एवढ्यात फोन वाजला. साहेबांचा होता.

"बाई, तुमच्या रस्त्यात खड्डे फार. जीप आपटली आणि कंबर पुन्हा धरली. मी गाडी वळवलीय. तुमचा तो खड्डा उघडा ठेवा."

"साहेब, त्या कागदाचं जरा असं झालं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी काय झालं ते सांगून टाकलं. लपवण्यात अर्थच नव्हता.

साहेब फोनवरच कण्हले. मग म्हणाले, "दुसरा कागद तयार ठेवा. सही करतो. पण आधी खड्ड्यात बसणार, मग सही. ह्या कंबरेने माझ्याकडून कुणाचं भलं होत नाही."

बाई ताडकन उठल्या. तळं वाचलं होतं. त्या धावत खड्ड्यापाशी गेल्या. खड्डा वरपर्यंत भरून सारवलेला होता. वर सावळेराम मांडी घालून बसला होता.

"ऊठ, सावळेराम. फावडं घे. खड्डा उकर. साहेब परत येतायत."

सावळेराम हलला नाही. "पंचेचाळीस दिवस न्हाई."

"अरे, मी सांगते ना."

"तुमी सांगितलं तरी न्हाई. तुमीच सांगितलंय."

वेशीवर जीपचा हॉर्न वाजला. बाईंनी हात जोडले. "अरे बाबा, साहेब दारात आले. त्यांना आता कुठे घालू?"

सावळेरामाने जरा विचार केला. जन्मात पहिल्यांदाच बाईंना काहीतरी समजावून सांगायची पाळी त्याच्यावर आली होती. तो मायेने म्हणाला,

"त्यात काय अवघड हाय, बाई? साहेब आता सुकलेत. निळ्या डब्यात घाला."