ठमाईच्या कडेवरची हाक

ज्या कड्याच्या काठावर तुम्ही आता शेकत बसला आहात, त्याला ठमाईची कड म्हणतात. खाली बघा. नदी वळते तिथं मऊ गवताचा सपाट माळ आहे, ते तळवण. माळाच्या मधोमध बसलेल्या माणसाएवढा काळा धोंडा आहे आणि तुमचे तंबू नेमके त्याला खेटून उभे आहेत. जागा देखणी आहे, मी नाही म्हणत नाही. पाणी हाताशी, वारा नाही, वर उघडं आभाळ. पण पौष लागला की दिवस कलल्यावर आमच्या वाडीतलं कुणी तिथं थांबत नाही. गुरंही आपापली वर येतात.

मघाशी मी इथून हाक मारली ती तुम्हाला लागली. हा दाढीवाला तर तरातरा चढून आला आणि म्हणाला, "आजी, आम्ही तुमचं काय खाल्लं म्हणून शिव्या देता?" काही खाल्लं नाही, बाबा. बस. पाय आगटीकडं कर. त्या हाकेचं सांगते.

फार मागं आमची वाडी वर नव्हतीच, खाली तळवणात होती, असं सांगतात. जमीन लोण्यासारखी, वालाला पाणी द्यायला लागायचं नाही. कड्यावर राहायचं म्हणजे उघड्यावर, देवाच्या तोंडाशी, गारठ्याच्या दारात, असं सगळ्यांना वाटायचं. जितकं उंच तितकं थंड, हे तुम्हाला वाटतं तसंच त्यांनाही वाटायचं.

त्या काळी घरोघरी इस्तू नसायचा. साऱ्या वाडीचा मिळून एकच. एका घरी आगटीत निखारे राखेखाली झाकून ठेवायचे आणि तिन्हीसांजेला बायका गोवरी घेऊन यायच्या, पेटवून आपल्या चुलीला न्यायच्या. तो इस्तू ठमी नावाच्या बाईकडं होता. एकटीच होती ती, मागं ना पुढं. वाडीतली बाळंतपणंही तीच करायची. आणि इस्तू विझलाच तर पुन्हा धरायला चकमक, तीही तिच्याच कनवटीला असायची. सबंध वाडीत चकमक तेवढी एकच.

पौषातला दिवस होता म्हणे. लुमाजी पाटलाची बायको गोदी पहाटेपासून अडली. ठमी तिच्याजवळ बसून राहिली. दिवस वर आला, खाली गेला, तेव्हा कुठं मुलगा झाला. ठमीनं नाळ कापली, पोर पुसून आईच्या कुशीत दिलं आणि हात धुवायला बाहेर आली, तर अंगणात बायका गोवऱ्या घेऊन उभ्या. ठमीच्या घरची आगटी थंड पडली होती. दिवसभर राख कुणी उकरली नव्हती, जळण सारलं नव्हतं. जिनं करायचं ती पाटलाच्याच घरात अडकली होती.

पण हे बोलणार कोण? पाटलाला पहिला मुलगा झाला आणि त्याच दिवशी वाडीचा इस्तू विझला, एवढंच लोकांना दिसलं. एक म्हणाला अपशकुन, दुसरी म्हणाली हिच्या हाताला काही आहे, मग सगळेच म्हणू लागले. लुमाजी भ्याला होता. भ्यालेला माणूस मोठ्यानं बोलतो. तो म्हणाला, "या वाडीत आता तुझा धूर नको. वर जा मरायला."

ठमीनं घोंगडी खांद्यावर टाकली आणि ही चढण चढून गेली. पोरांनी मागनं ढेकळं मारली, असंही सांगतात.

ती दिसेनाशी झाल्यावर लोकांनी अंगणात लाकडं रचली, नवा इस्तू धरायला. सगळं रचून झालं आणि मग सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. चकमक ठमीच्या कनवटीला होती.

कुणीतरी म्हणालं, जाऊन मागून आणू. लुमाजी म्हणाला, "जिला हाकललं तिच्यापुढं पदर पसरायचा? एक रात आहे, निभेल."

इकडं ठमी वर पोचली ती मरायचं धरूनच. पण हा कडा दिवसभर ऊन पितो. आत्ताही हात लावून बघा, दगड कोमट आहे. तिनं पाठ टेकली तर अंगातली शिरशिरी गेली. तिनं चकमक झाडली, वाळकं गवत पेटवलं आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की गारठा इथं थांबतच नाही. तो पाण्यासारखा आहे. उतारानं खाली जातो आणि खोलगट जागी साचतो. डोंगराचा सगळा गारठा तिच्या पायाखालून तळवणात उतरत होता. खाली धुकं नदीवरून उठून घराघराच्या वळचणीला लागत होतं. आणि त्या घरांतल्या एकात, इस्तवाशिवाय, तिनं दिवस कलताना जगात आणलेलं पोर होतं.

ती इथं उभी राहिली. नेमकी इथंच, म्हणतात. आणि खाली ओरडली, "अरे, वर या मरायला!"

त्यांचाच शब्द त्यांना परत केला. आणि एवढ्यावर थांबली नाही. एकेकाचं नाव घेऊन, त्याच्या आईबापाचं नाव घेऊन, तिनं अशा शिव्या मोजल्या की कड्यांनी त्या दोनदा ऐकवल्या. बाळंतपणं करणारी बाई ती. कुणाच्या घरातलं काय झाकलेलं आहे, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

वाडी पेटली. गारठ्यानं आखडलेली माणसं, पण रागानं उठली. हातात येईल ती काठी, दांडकं घेऊन, हिचं तोंड फोडायचंच म्हणून बायका, पोरं, म्हातारी सगळी चढणीला लागली. गोदी बाळंतीण. तिनं काठी घेतली नाही. पोर पोटाशी बांधलं आणि ती त्यांच्या मागनं निघाली. लुमाजी आडवा आला, म्हणाला ओली बाळंतीण उंबरा ओलांडत नाही. ती म्हणाली, "मग तुम्ही उंबरा सांभाळा."

चढता चढता लोकांच्या अंगाला घाम आला. वर आले, तर समोर जाळ. पायाखाली कोमट दगड. उगारलेल्या काठ्या उगारलेल्याच राहिल्या. मग एका म्हातारीनं आपली काठी जाळात टाकली. मग दुसऱ्यानं टाकली. ज्या काठ्या ठमीसाठी आणल्या, त्याच जाळून वाडीनं ती रात काढली.

लुमाजी तेवढा आला नाही. एका बाईच्या शिवीला ओ द्यायची नाही, असं त्यानं ठरवलं होतं. घोंगडं पांघरून आपल्या अंगणात बसून राहिला. उजाडल्यावर लोक उतरले, तेव्हा तळवणावर दंव गोठून मीठ सांडल्यासारखं पांढरं झालं होतं. वाल करपून काळे पडले होते. आणि लुमाजी बसल्या जागी धोंडा झाला होता. तुमच्या तंबूजवळ आहे तो तोच, असं म्हणतात. पौषात पहिलं पांढरं त्याच्या डोक्यावर धरतं. हे मात्र सांगीवांगी नाही, मी पाहते दर वर्षी.

ठमीनं त्यांना माफ केलं असं समजू नका. जागा दिली, जाळ दिला, पण मरेपर्यंत वाडीतल्या कुणाशी बोलली नाही, शिवी देण्यापुरतं सोडून. पोरासाठी हाक मारली की खरंच सूड उगवायचा होता, यावर आमच्यात अजून भांडणं होतात. माझं मत विचाराल तर दोन्ही. पोराचा लळा होता म्हणून काही तिचा राग कमी होत नाही.

तेव्हापासून वाडी वर आली. आजही पौषात दिवस कलला की वाडीतली सगळ्यात म्हातारी बाई या कडेवर उभी राहते आणि तळवणात कुणी दिसलं की हाक मारते, त्याच शब्दांत. गोड बोलायचं नाही, असा दंडक आहे. गोड बोलावलं की माणूस म्हणतो, येतो थोड्या वेळानं, आणि बसून राहतो. शिवी लागली की भांडायला तरी वर येतो. तुम्ही आलातच की.

तुमच्यातला एक अजून खाली दिसतो. तो, धोंड्याला टेकून बसलेला, लाल टोपीवाला. मघाशी हाक मारली तर हसून हात हलवला त्यानं. धुकं त्याच्या गुडघ्याला लागलंय.

सरका जरा, मला कडेवर जाऊ द्या. आणि त्याच्या बापाचं नाव काय, ते सांगा.